हाक ऐकू येते, पण ती मलाच आहे हे कळत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मावेळी मुलगा ठरवलेली पण आता मुलगी म्हणून जगणारी. वय २७, मूळ गाव कराडजवळ, नोकरी सांगलीत. नाव स्वतः निवडलंत, ते राजपत्रात छापून आलं, आधार कार्डावर चढलं, त्याला आठ महिने झाले. तरी ऑफिसात कोणी त्या नावानं बोलावलं तर दुसऱ्यांदा बोलावल्याशिवाय मान वर होत नाही. आणि मागच्या आठवड्यात गणपती पेठेत कोणीतरी भलत्याच माणसाला हाक मारली, ती नेमकी तुमच्या जुन्या नावाची, तर तुम्ही गर्रकन वळलात. आई जुनं नाव घेत नाही आणि नवंही घेत नाही. बहीण घेते, पण जपून. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘नाव चुकलं का माझं? की मीच खोटी आहे?’

मी सांगली-मिरजेत अठरा वर्षं समुपदेशन करते. ट्रान्स माणसं माझ्याकडे उघडपणे यायला लागली ती २०१४ नंतर. त्या वर्षी १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा ट्रान्स माणसांच्या हक्कांबद्दलचा ‘नाल्सा’ निकाल आला आणि ‘आपण कोण हे सांगायचा आपल्याला हक्क आहे’ एवढं तरी गावोगाव पोचलं. पुढे याच हक्कांसाठी २०१९ चा कायदा आला, नाव बदलण्याची कागदोपत्री वाट झाली. ती वाट चालून आलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी मला तुमचाच प्रश्न विचारलाय. कागद झाला, पण नाव अंगाला लागत नाही. म्हणून आधी हे सांगते की तुम्ही लिहिलेल्यात ‘खोटी’ म्हणावं असं मला काही सापडलं नाही.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. हे नाव माझं आहे का, ही एक. माझा कान या नावाला उठतो का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर तुम्ही आठ महिन्यांपूर्वीच दिलंत. अडलीय ती दुसरी. आणि दुसरीच्या अडचणीवरून तुम्ही पहिलीवर शंका घ्यायला लागला आहात.

कानाचं काय होतं ते सांगते. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी साडेचार महिन्यांच्या बाळांना वेगवेगळी नावं ऐकवली. बाळं स्वतःच्या नावाकडे इतर नावांपेक्षा जास्त वेळ लक्ष देत होती. म्हणजे बोलता येण्याच्या कितीतरी आधी, नावाचा अर्थ कळण्याच्या आधी, आपण मुलगा की मुलगी हे समजण्याच्याही आधी कानाला तो आवाज ओळखीचा झालेला असतो. तुमच्या जुन्या नावाला तुमच्या कानानं जी जागा दिली ती तुम्हाला विचारून दिलेली नाही. गणपती पेठेत मान वळली ती या सवयीनं. तुम्ही कोण आहात याचा निकाल मानेनं दिला असं समजू नका.

आणखी एक प्रयोग मी नेहमी सांगते, कारण त्यानं लोकांना हायसं वाटतं. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं त्यांना जवळजवळ काहीच कळलं नाही. मात्र तिथं स्वतःचं नाव आलं तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला ते जाणवलं. हा प्रयोग सांगताना लोक त्या एकाबद्दल बोलतात. मी तुम्हाला उरलेल्या दोघांबद्दल सांगते. जन्मापासून ऐकलेलं नावसुद्धा कामात गढलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ऐकू आलं नाही. मग आठ महिन्यांचं नाव संगणकासमोर बसलेल्या तुम्हाला पहिल्या हाकेत ऐकू आलं नाही, तर त्यात नाव चुकल्याचा पुरावा कुठं आला?

आता यावर करायचं काय, याबद्दल आधी माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी लोकांना नवं नाव रोज वहीत लिहायला सांगायची. शंभर वेळा लिहा, सही घोटा, आरशासमोर म्हणा. एक मुलगा सहा महिने इमानदारीनं लिहीत होता. सही इतकी सुंदर झाली की बँकेतल्या बाईंनी कौतुक केलं. आणि त्याच दिवशी बँकेत त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो बाकावर बसून राहिला, नंबर गेला. तो हे सांगताना रडला, आणि मला कळलं की मी डोळ्याला आणि हाताला शिकवत होते, कान तसाच राहिला होता. स्वतः उच्चारलेलं नावही कामाचं नसतं, कारण आपलं नाव आपण सहसा घेतच नाही. ते दुसऱ्यानं घ्यायचं असतं. तेव्हापासून मी लिहायला सांगणं बंद केलं.

तुमच्या प्रश्नात मला जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलीत: ‘बहीण घेते, पण जपून.’ आपल्याकडे एका माणसाला नावं किती असतात बघा. पत्रिकेतलं एक, पाळण्यातलं एक, शाळेच्या दाखल्यावरचं एक, आणि हाक मारायचं एक. दाखल्यावर प्रल्हाद असतो, घरात त्याला सगळे बंडू म्हणतात, आजी बंड्या म्हणते, आणि आई चिडली की वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घेते. तुमच्या जुन्या नावालाही असे चार-पाच आकार असणार. लाडाचा, घाईचा, रागाचा, परसातून ओढून मारलेल्या हाकेचा. नव्या नावाला आज एकच आकार आहे, राजपत्रातला. लोक ते पूर्ण, नीट, किंचित थांबून उच्चारतात, जणू काचेचं भांडं हातात आहे. नव्या सुती लुगड्याला खळ असते, ते अंगावर उभं राहतं, बसत नाही. चार धुण्यांनंतर मऊ होतं. तुमचं नाव अजून धुतलेलं नाही.

म्हणून मी लोकांना हाक मारायचं नाव मिळवायला सांगते. ‘मिळवायला’ म्हणते, ‘निवडायला’ म्हणत नाही. मोठं नाव तुम्ही निवडलंत, छान केलंत. पण मंजिरीचं मंजे आणि सुमनचं सुमे होणं हे दुसऱ्याच्या तोंडात होतं. ते स्वतःसाठी ठरवता येत नाही. तुम्हाला करता येईल ते एवढंच, की कोणी नाव मोडलं, आखूड केलं, तर सुरुवातीला दचकून दुरुस्त करू नका. नवं नाव इतक्या कष्टानं मिळालेलं असतं की त्याचा एक काना कमी झाला तरी जिवाला लागतं, हे मी जाणते. तरी मोडू द्या. मुलगीच समजून मोडतायत ना, तेवढं बघा.

बहिणीला सांगा की जपून नाव घेऊ नको. दिवसातून दहा वेळा, काहीही काम नसताना, दुसऱ्या खोलीतून, भांडी घासताना, पाठमोरी असताना हाक मार. चिडलीस तर त्याच नावानं चीड. कानाला नाव शिकवायचं तर ते समोर बसून शांतपणे ऐकून भागत नाही, आपण दुसऱ्याच कामात असताना ते यावं लागतं. एका मुलीनं तर बहिणीला सांगून हाक मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतली आणि सकाळच्या गजराला लावली. दोन महिन्यांनी ती सांगत होती की आता झोपेतही ते नाव ‘मला’ वाटतं. हे सगळ्यांना जमतं असं नाही. काहींना स्वतःच्या नावाच्या गजराचा जाच होतो. तसं वाटलं तर सोडून द्या.

इथं मराठीची एक गंमत आणि एक अडचण आहे. आपण दिवसभरात नावापेक्षा ‘अरे’ आणि ‘अगं’ जास्त वापरतो. ‘काय रे’, ‘काय गं’, ‘कुठं गेलतास’, ‘कुठं गेलतीस’. नाव बरोबर घेऊन पुढं ‘आलास का’ म्हटलं की सगळं फिसकटतं. माझ्याकडे आलेल्या अनेकींना नावाच्या चुकीपेक्षा हा ‘रे’ जास्त लागतो, कारण तो नकळत येतो आणि दिवसात पन्नास वेळा येतो. म्हणून घरच्यांना नावाबरोबर ‘गं’ची सवय लावायला सांगा. किंबहुना आधी ‘गं’चीच. ते सोपं जातं, कारण त्यात नवं काही पाठ करायचं नसतं. घरात दुसऱ्या मुलीशी ते रोज तसंच बोलतात.

तुम्हाला स्वतःला ‘मी आले’ म्हणताना जीभ अडखळते असंही तुम्ही लिहिलंय. त्याचा फार धसका घेऊ नका. आपल्याकडे, कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांत, कितीतरी बायका आयुष्यभर ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. तुमची आजीही म्हणत असेल. पुण्याची एक मुलगी शस्त्रक्रियेनंतर इथं मावशीकडे राहायला आली होती. चुकून ‘मी जेवलो’ म्हणाली आणि शरमली, तर मावशी म्हणाली, ‘मग, आम्ही काय म्हणतो?’

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच मुदत लागू होत नाही. जुन्या-नव्या नावात आवाजाचं साम्य असेल, निदान पहिलं अक्षर तरी एक असेल, तर कान लवकर वळतो, पण घरच्यांच्या चुका जास्त काळ चालतात, कारण जीभ अर्ध्यात जुन्या वाटेला लागते. नावं अगदी वेगळी असतील तर उलट होतं. घरात अजून जुनं नाव चालू असेल आणि बाहेर नवं, तर दोन्हीकडे गोंधळ राहतो, वर्षानुवर्षं राहिलेला मी पाहिलाय. जुन्या नावाशी मारहाण, चिडवणं, शाळेतला छळ जोडलेला असेल तर ते नाव ऐकल्यावर फक्त मान वळत नाही, पोटात खड्डा पडतो. तिथं हाकांचा सराव पुरत नाही, समोरासमोर बसून काम करावं लागतं. आणि घरात नाव घेण्यावरून हिंसा होत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी सुरक्षित जागा. कधी जीव नकोसा वाटला तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मी हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहितेय.

ऑफिसचं पटकन सांगते. शेजारी बसणाऱ्या दोघा-तिघांना सरळ सांगा की मला अजून पहिल्या हाकेत कळत नाही, दुसरी मारा, वाईट वाटून घेऊ नका. लोकांना वाटतं तुम्ही दुर्लक्ष करता. हजेरीच्या यादीवर, ईमेलवर, दारावरच्या रजिस्टरवर जुनं नाव कुठं राहिलंय का बघा. बँक खात्यावरचं नाव राहिलं असेल तर ते आधी बदला, नाहीतर कोणी फोनवरून दहा रुपये पाठवायला गेलं की त्याच्या स्क्रीनवर जुनं नाव उमटतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १२९ तरुण ट्रान्स मुलामुलींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्रमंडळी या चार ठिकाणांपैकी जितक्या जास्त ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. एकेक जागा मोजून मिळवायची असते, म्हणून ही किरकोळ वाटणारी कामं मी किरकोळ मानत नाही.

नातेवाइकांत कोणीतरी बालगंधर्वांचा दाखला देईल. सांगलीत हा विषय निघाला की ते नाव निघतंच. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. पण रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणं आणि स्त्री म्हणून जगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी भूमिका करत नाही, काका’ एवढं सांगून थांबलात तरी पुरे.

आता आई. यावर मला सगळ्यांत जास्त लिहायचंय.

आई जुनं नाव घेत नाही हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, पण मला त्यात तिची धडपड दिसते. जुनं घेतलं तर तुम्हाला लागेल हे तिला कळलंय. नवं घ्यायला अजून तोंड होत नाही. म्हणून ती मधल्या जागेत उभी आहे. नाव न घेता संसार करणं आपल्या बायकांना चांगलं जमतं, ‘अहो’ आणि ‘ऐकलं का’ यांवर पिढ्या गेल्या. लोणंदकडच्या एका मुलीचे चुलते पक्के वारकरी. त्यांनी दोन वर्षं तिचं कुठलंच नाव घेतलं नाही, ‘माऊली’ म्हणायचे. वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, तिथं बाई-पुरुष हा प्रश्नच येत नाही. ती आधी दुखावली होती. नंतर तिला उमगलं की ते टाळत नव्हते, त्यांनी त्यांना जमेल ते सगळ्यांत आदराचं नाव तिला दिलं होतं.

तुमच्या आईला एक गोष्ट विचारा. लग्नात तिचं नाव बदललं होतं का? ताटात तांदूळ पसरून तुमच्या वडिलांनी अंगठीनं काय लिहिलं होतं? तिच्या पिढीत पुष्कळ जणींना सासरचं नवं नाव मिळालं. माझ्यासमोर बसलेली एक आई, मुलीचं नवं नाव घ्यायला अजिबात तयार नव्हती. मी सहज विचारलं तर म्हणाली, ‘सासरी पहिलं वर्षभर मला हाक कळायचीच नाही. सासूबाईंना वाटलं बहिरी पोरगी गळ्यात मारली.’ आणि मग ती गप्प झाली. बराच वेळ मुलीकडे बघत होती. आपल्या घरातच हा अनुभव असलेलं माणूस बसलंय हे दोघींना त्या दिवशी कळलं. मात्र हे वादातलं हत्यार म्हणून वापरू नका. ‘तुझं बदललं तेव्हा चाललं, माझं का नाही’ असं म्हणालात की दार बंद होईल. शिवाय तिचं नाव तिला न विचारता बदललं गेलं होतं, तुमचं तुम्ही निवडलंत. ही तिची जुनी जखमही असू शकते. फक्त विचारा आणि ऐका.

आणखी एक. जुनं नाव कोणी ठेवलं होतं? बारशाला आत्यानं कानात ‘कुर्र’ करून सांगितलेलं असेल. आजोबांचं असेल, किंवा पालीच्या खंडोबाला बोललेल्या नवसाचं. ते गेलं म्हणजे आईला देवाचं किंवा सासऱ्यांचं काहीतरी आपल्या हातून सुटल्यासारखं वाटत असेल. नवं नाव ठेवताना ती कुठंच नव्हती, आणि आपल्याकडे नाव ठेवणं हे आईच्या, आत्याच्या हातचं काम. म्हणून मी सुचवते की घरात हाक मारायचं नाव तिला ठेवू द्या. तुमचं निवडलेलं नाव जिथं आहे तिथं राहील, कागदावर आणि जगात. घरातल्या चार भिंतींसाठी तिला जे मुलीचं नाव सुचेल ते. एका घरात आत्यानं खरोखर पुन्हा बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. तुमच्याकडे असं काही होईलच असं नाही. कदाचित आई ‘सोने’ म्हणेल आणि विषय संपवेल. तेही चालेल.

गणपती पेठेसारखा प्रसंग पुन्हा येईल, तो टळत नाही. मान वळली तर वळू द्या. तिथंच स्वतःला शिक्षा करू नका, आणि ‘बघू आता वळते का’ अशी परीक्षाही घेत बसू नका. परीक्षा घेतली की कान त्या जुन्या आवाजाची वाट बघत बसतो. वळलात, पाहिलंत, हाक दुसऱ्या कोणाला होती, चालू लागा. मनात स्वतःवर रागावताना अजून जुनंच नाव येतं हे तुम्ही लिहिलंत, त्याचं कारण मला वर सांगितलं तेच वाटतं. नव्या नावानं तुम्हाला अजून कोणी रागावलेलंच नाही. बहीण एकदा मनापासून भांडली की तेही येईल.

आईची जीभ वळतेय का हे ओळखायची एक खूण मात्र सांगून ठेवते. आया चार मुलांची नावं घेऊन पाचव्याला बरोबर हाक मारतात, हे आपल्याला माहीत आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचाच अभ्यास केला. त्यांना दिसलं की माणूस चुकतो तेव्हा बहुधा एकाच कप्प्यातली नावं एकमेकांत मिसळतो, जसं एका भावंडाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारणं. तेव्हा उद्या आईनं चुकून तुम्हाला तुमच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तर चिडू नका, दुरुस्तही करू नका. मिरजेच्या एका घरात असंच झालं. स्वयंपाकघरातून हाक आली, आधी थोरल्या मुलीची, मग भाचीची, मग ‘अगं ए, तू गं, कुकर बंद कर’. त्या मुलीनं कुकर बंद केला आणि मला फोन केला.

बहिणीला हे उत्तर दाखवायचं असेल तर दाखवा. सुरुवात तिलाच करू द्या, या रविवारी, जरा लांबून, गच्चीवरून नाहीतर मोरीतून.